डावी पाकळी

आमच्या देवीचं नाव मी सांगणार नाही. गावाचंही नाही. संगमेश्वराच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर पुढच्या रविवारी चार जण ड्रोन घेऊन येतील, ‘कोकणातलं कुणालाच ठाऊक नसलेलं मंदिर’ म्हणून रील टाकतील, आणि सोमवारपासून ते सगळ्यांना ठाऊक असेल.

देवीची कथा मात्र सांगते, कारण ती तुम्हाला आधीच माहीत आहे. एक गाय होती. ती रोज रानातल्या एका दगडावर पान्हा सोडायची. गुराख्याने पाहिलं, मालकाने खणलं, कोयती लागली, दगडातून रक्त आलं. कोकणातल्या गाईंनी इतक्या दगडांवर दूध सोडलंय की त्यांची वासरं जगली कशी, असा प्रश्न मी सातवीत विचारला होता. गुरवाची पोर असून असं बोलते म्हणून हातावर दोन छड्या मिळाल्या. दुसरी कथा पांडवांची. त्यांनी हे देऊळ एका रात्रीत बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि शिखर राहून गेलं. आमच्या जिल्ह्यात पांडवांनी एका रात्रीत बांधलेली देवळं बघता त्यांना वनवासात झोप अशी मिळालीच नसावी, आणि एकाही कोंबड्याने त्यांना काम पुरं करू दिलेलं दिसत नाही. तिसरी कथा भुयाराची. गाभाऱ्यामागचं भगदाड थेट किल्ल्यापर्यंत जातं म्हणे. माझा चुलतभाऊ एकदा बॅटरी घेऊन आत शिरला, तर चार हातांवर साळिंदराचं बीळ निघालं. गावाने त्याला सांगितलं, तू चुकीच्या भुयारात गेलास.

खरं जे होतं ते कुणी सांगत नसे. जांभ्या दगडाचा बुटका गाभारा, ज्याच्या दारातून आत जायचं तर वाकावंच लागतं, मग आमदार असो की गुरव. पुढे सोळा लाकडी खांबांचा सभामंडप. खांबांच्या डोक्यावर पोपट आणि केळफुलं, आणि एका तुळईच्या टोकाला चक्क खेकडा कोरलेला. देवळात खेकडा कशाला, याची कथा आजवर कुणालाही रचता आलेली नाही, म्हणून मला तो सगळ्यात खरा वाटतो. सुताराला खेकडे आवडत असावेत. वर कौलारू छप्पर. पावसाळ्याआधी गावातले पुरुष वर चढून कौलं चाळायचे आणि खाली उभ्या असलेल्या बायका त्यांना कुठलं फुटलंय ते सांगायच्या. बायकांना वर चढायची परवानगी नव्हती, सांगायची होती.

कौल हा शब्द आमच्याकडे तीन ठिकाणी लागतो. छपरावर असतं ते कौल, निवडणुकीत जनता देते तो कौल आणि देवी देते तो कौल. पहिलं फुटतं, दुसरा फिरतो, तिसऱ्यावर मात्र गावाचा विश्वास. आणि हा तिसरा कौल माझ्या वडिलांच्या हातात होता.

माझे बाबा त्या देवळाचे गुरव, म्हणजे पुजारी. गावात कुणाला काही विचारायचं असलं की तो सकाळी देवळात येई. म्हैस हरवली आहे, सापडेल का? मुलीला चिपळूणचं स्थळ आलंय, द्यावी का? जुनी रिक्षा घेतोय, घेऊ का? बाबा तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या काळ्या पाषाणाला चिकटवत, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालत, म्हणजे माणसाचं म्हणणं देवीच्या कानावर घालत. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अर्ज नाही, खिडकी नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. एवढं सुरळीत चालणारं दुसरं कार्यालय मी अजून पाहिलेलं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. उजवी म्हणजे देवीची उजवी. आपण तिच्यासमोर उभे राहिलो की ती आपल्या डाव्या हाताला येते. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

आणि आणखी एक गोष्ट, जी गावात कुणाला ठाऊक नव्हती, फक्त आमच्या घरात होती. पाकळी निथळत लावली तर ती दगडाला बराच वेळ धरून राहते. लावण्याआधी बोटांनी एकदा झटकली तर लगेच सुटते. लहानपणी मी बाबांना फुलं काढून द्यायची तेव्हा घरच्या पाट्यावर प्रयोग करून मी हे शोधून काढलं. मोठ्या आनंदाने बाबांना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मना म्हाईत हाय. पण दोन्ही सारख्या भिजवायच्या. मंग ती बोलते.” तेवढंच. मी मोठी झाले, रत्नागिरीला शाळेत मराठी शिकवायला लागले, देवीवरचा माझा विश्वास कधी उडाला ते मला आठवत नाही. पण बाबा दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवतात, यावर माझा पक्का विश्वास होता.

तर दोन-तीन वर्षांपूर्वी शिमग्याला मुंबईचं मंडळ आलं. आमच्या गावात पुरुष कमी आणि मुंबईच्या मंडळाचे पदाधिकारी जास्त. वर्षातून दोनदा ते येतात, देवीला नारळ आणि गावाला सल्ला देऊन जातात. या वेळी त्यांनी एक भलामोठा फ्लेक्स आणला होता. वर लिहिलं होतं, ‘अतिप्राचीन जागृत देवस्थानाचे संपूर्ण नूतनीकरण’. या वाक्यात काही घोटाळा आहे असं सभेत माझ्याखेरीज कुणाला वाटलं नाही. फ्लेक्सवर कॉम्प्युटरने काढलेलं नवं देऊळ होतं. गुलाबी रंग, तीन शिखरं, आरशासारख्या फरशा, स्टीलचं रेलिंग, पुढे कारंजं आणि कारंज्यात हंस. देवळासमोरून पॅंट-शर्टातलं एक गोरंपान जोडपं हातात हात घालून चाललं होतं. आमच्या गावात असं चालायला धाडस लागतं.

“लाकडी मंडप काढायचा आणि स्लॅब टाकायचा,” अध्यक्ष म्हणाले. मुंबईत त्यांची चांगली नोकरी झाली होती, आता निवृत्तीनंतर त्यांना सगळीकडे अध्यक्ष व्हायचं होतं. “लाकूड काय, आज ना उद्या वाळवी खाणार.”

मी उठून उभी राहिले. म्हटलं, “वाळवीने इतकी वर्षं दम धरला, तुम्हाला का धरवत नाही?”

सभेत थोडं हसू फुटलं. अध्यक्षही हसले. “बाई शिक्षिका आहेत, त्यांना जुन्याची हौस. पण कौलं चाळायला माणसं कोण देणार? तुम्ही चढणार का वर?”

त्यांचं खरं होतं.  वर चढणारे सगळे मुंबईला गेले होते आणि तिथून आता स्लॅब घेऊन आले होते. मी तरी खांबांवरची नक्षी, खेकडा, असे खांब पुन्हा कुणाला घडवता येणार नाहीत, असं बरंच बोलले. लोक भाषण ऐकतात तसे ऐकत होते, म्हणजे घड्याळाकडे बघत. शेवटी वरच्या वाडीतले एक जुने शेतकरी म्हणाले, “एवढा कशाला वाद? देऊल तिचा. तिलाच विचारू.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावायचा. उजवा आला तर मंडप पाडायचा, डावा आला तर हात लावायचा नाही.

मी घरी आले ती थेट मागच्या पडवीत. बाबा नारळ सोलत होते. त्या दुपारचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

“बाबा, उद्या डावा यायला हवा.”

“ती देईल तो येईल.”

“ती काय देणार? तिने त्या खांबांना दोन वर्षांपूर्वी पिवळा ऑइलपेंट लावू दिला, तेव्हा काही बोलली नाही. ट्यूबलाइट लावल्या, बोलली नाही. उद्या तिच्या डोक्यावर स्लॅब घातला तरी ती गप्पच बसणार आहे.”

“मग आपुन पन गप ऱ्हावा.”

“एक पाकळी झटकायची आहे फक्त.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, जरा गोंधळून, जशी मी दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलले. “बाय, तुला काय वाटतं? मी इतकी वर्सं झटकीत व्हतो?”

“नाही. म्हणूनच तर कुणाला संशय येणार नाही.”

शाळेत मी मुलांना सांगते, युक्तिवाद मुद्देसूद असावा. माझा होता. तो त्यांच्यावर काही चालला नाही. मग मी मुद्दे सोडले आणि माझं हुकमाचं पान काढलं. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. घरात बायका रडत होत्या, मला तिथे बसवेना, म्हणून मी देवळात पळाले आणि डावीकडच्या तिसऱ्या खांबाला मिठी मारून बसले. दुपारपर्यंत तिथेच होते. सुतक मलाही होतं, पण ते कळायचं माझं वय नव्हतं; बाबांना मात्र त्यामुळे देवळात येता येत नव्हतं. ते बाहेर दीपमाळेपाशी उभे राहून मला हाका मारत होते, आणि मी बाहेर जात नव्हते. यावर आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. त्या दुपारी मी बोलले. म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही आत येऊ शकला नाहीत. मला त्या खांबाने धरलं होतं. तो उद्या तोडून चुलीत घालतील. तुमची देवी तुम्हाला रोज भेटते. मला तिथे तो एक खांबच आहे.”

हे सगळं खरं होतं, शब्द न्‌ शब्द. आणि मी ते त्यांना मोडण्यासाठीच बोलत होते, हेही मला त्या वेळी चांगलं कळत होतं.  बाबांनी उरलेला नारळ सोलला, हात धुतले आणि गुरांना पाणी दाखवायला गेले.

सकाळी मंडप गच्च भरला. मुंबईला राहिलेल्यांसाठी एकाने मोबाइल काठीला बांधून गाभाऱ्याच्या दाराशी धरला. पलीकडे कुठल्या तरी हॉलमध्ये पन्नास-साठ जण पडद्यावर देवी बघत होते. देवीने एवढे भक्त एका वेळी अंगावर पहिल्यांदाच घेतले असतील. मी दाराच्या बाजूला उभी होते, जिथून आत दिसतं. बायकांची जागा तिथेच असते.

बाबांनी आंघोळ करून ओलं धोतर नेसलं होतं. त्यांनी तांब्यात दोन पाकळ्या बुडवल्या. उजवी उचलली, तशीच निथळत लावली. मग डावी उचलली. ती बोटांत धरून ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी हात झटकला. एकदाच. हातावरचं पाणी झटकावं तसा. सगळ्या गावादेखत, आणि गावात कुणालाही ते दिसलं नाही. मला दिसलं. मला आनंद झाला, आता कितीही लाज वाटली तरी तो झाला होता हे खरं आहे.

मग गाऱ्हाणं. “आये, तुजी लेकरां तुज्या पायरीशी आलीत. तुजा मांडव उतरून नवा करायचा मनात धरलानी. तुज्या मनात असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे.”

“व्हय म्हाराजा!” लोक म्हणाले. मोबाइलमधूनही एक फाटका ‘व्हय म्हाराजा’ आला, जरा उशिराने.

बाबांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

पाकळी लगेच पडली. डावी, म्हणजे देवीची डावी. मी श्वास सोडला, आणि त्याच क्षणी मोबाइलमध्ये एकच जल्लोष झाला. “उजवा! उजवा आला!” तिकडे ताशा वाजू लागला. इकडे अध्यक्षांनी धावत जाऊन घंटा बडवली. कुणी गुलाल उधळला. फ्लेक्स धरलेल्या दोघांनी तो वर उचलून नाचवला, त्याबरोबर ते गोरंपान जोडपंही नाचलं. गावातली माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

“उजवा खंय?” वरच्या वाडीचे ते शेतकरी म्हणाले. “डावा हाय तो.”

“अहो काका, डोळ्यांनी बघा,” अध्यक्ष मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “ही बाजू उजवी. रेकॉर्डिंग आहे.”

“ती तुजी उजवी. देवी तुज्याकडं तोंड करून हाय, पाट करून नाय!”

मंडपात जे हसू उसळलं ते मी कधी विसरणार नाही. गाव सोडून तीस-पस्तीस वर्षं झाली की माणूस मासे ओळखायला चुकतो, शेताची हद्द चुकतो, हे आम्ही पाहिलं होतं. देवीचा उजवा हात कुठला, हे चुकणारी ही पहिलीच पिढी. अध्यक्षांनी बराच वेळ हात वर-खाली करून हिशेब केला, एकदा देवीकडे तोंड करून, एकदा पाठ करून. शेवटी त्यांनी बाबांना विचारलं, “गुरव, तुम्हीच सांगा. कुठला?”

 बाबा देवीकडे बघत होते, आमच्याकडे नाही.

“डावा,” ते म्हणाले.

पलीकडचा ताशा थांबायला आणखी मिनिटभर लागलं.

मंडप राहिला. ते कारंजंही आलं नाही, हंसही नाहीत. मी त्या दिवशी दुपारी पोटभर जेवले, रत्नागिरीच्या गाडीत बसेपर्यंत अध्यक्षांची नक्कल करून चुलतभावाला हसवत राहिले. बाबा हसले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

पुढच्या महिन्यात गेले, तर देवळात पूजा चुलतभाऊ करत होता. एरवी तो संगमेश्वर स्टेशनला रिक्षा चालवतो. म्हणाला, काकांचे गुडघे दुखतात, दाराशी वाकवत नाही म्हणतात. बाबा रोज सकाळी आंघोळ करून फुलं काढतात, परडी घेऊन देवळापर्यंत येतात आणि उंबऱ्यापाशी ती त्याच्या हातात देतात. घरी पाहिलं तर गुडघे ठणठणीत. माडांना आळी करत होते, मातीत उकिडवे बसून.

मी विचारलं नाही. दोन-तीन फेऱ्या मी विचारलं नाही. तऱ्हेवाईक माणसांवर, मंडळांवर, पांडवांवर मला पाहिजे तेवढं बोलता येतं, पण हे विचारायला तोंड उघडेना.

मग एके सकाळी मी घरीच असताना पलीकडच्या वाडीतली एक काकू आली. तिच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन करायचं होतं. डॉक्टर म्हणत होते कोल्हापूरला न्या, मुलगा म्हणत होता मुंबईला आणा. लग्नापासून तिच्या घरचा प्रत्येक कौल तिने बाबांकडून घेतला होता. ती पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “भाऊ, चला. एक कौल लावा.”

“पुतन्याकडनं लावून घे,” बाबा म्हणाले.

“तो काल आलेला पोर. मना तुमच्याकडचा होवा.”

“माज्या हातानं आता नको.”

“का? तुमाला बरं नाय काय?”

“व्हय,” बाबा म्हणाले. “बरं नाय.”

ती बिचारी उलट त्यांनाच दोन शब्द काळजीचे सांगून, गरम पाण्याने शेक घ्या म्हणून निघून गेली. देवळाकडे वळली नाही, सरळ घरी गेली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याने राहवेना. बाबांच्या शेजारी बसले. म्हटलं, “बाबा, माझं चुकलं. मी तुम्हाला सांगायला नको होतं. पण एक पाकळी होती हो. एकदाच. तुमची देवी एवढी रागावणारी आहे का?”

“ती कशाला रागवल?” ते म्हणाले. “ती काय बोलली नाय. मी तिला बोलूच कुठं दिलं?”

अंगणात माडाची सावली सरकून पायरीवर आली होती. ते जरा सरकून बसले.

“आनी बाय,” ते म्हणाले, “डावाच दिला असतान तिनं. कदाचित. मना आता कदी कळायचा नाय.”